मुका झालेला कोल्हा

१. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

कोंबडीनं उत्तर दिलं, पण प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"आहे रे, आहे," असा खुराड्यातून आवाज आला. मायेनं भिजलेला, जरा खट्याळ. खुराड्यासमोर कोल्हा मान वेळावत, हात हलवत, जबडा उघडून उभा होता. त्याच्या तोंडून हूं नाही की चूं नाही.

पडद्यामागे कोल्ह्यात हात घालून बसलेला पुतण्या थबकला. कोंबडीत हात घालून बसलेली काकी तर दगडासारखी झाली. टेप फिरतच राहिली. कोंबडी एकटीच बोलत होती, एकटीच भांडत होती, एकटीच लाजत होती.

वाचनालयामागच्या त्या छोट्या सभागृहात सकाळचं कोवळं ऊन उंच खिडक्यांतून खाली उतरलं होतं. दुपारी खेळ होता. काका गेल्यानंतरचा पहिला. बाकं पुसून झाली होती, पोरांना निरोप गेले होते. मिठाची चिमूट मागायला आलेला कोल्हा आणि दार न उघडणारी कोंबडी, एवढीच त्या खेळाची गोष्ट. पण दोन्ही आवाज काका-काकीचे. कितीतरी वर्षांपूर्वी याच सभागृहात खिडक्यांवर गोधड्या टांगून दोघांनी ते टेपवर भरले होते. काकांचा आवाज डाव्या बाजूला, काकीचा उजव्या. म्हणून कोल्ह्याचा स्पीकर डावीकडच्या कापडी झुडपात लपवलेला, कोंबडीचा उजवीकडच्या खुराड्यात. पोरांना वाटायचं, खरंच एक तिकडून बोलतोय, एक इकडून.

काका गेल्यापासून काकीनं ती टेप ऐकली नव्हती. आज सकाळी मन घट्ट करून तिनं ती लावायला सांगितली होती. आणि समोरून आली ती शांतता.

"काकी," पुतण्या हळूच म्हणाला, "नाही झालं दुरुस्त, तर मी बोलतो ना कोल्ह्याचं. मला पाठ आहे सगळं."

काकीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याच्या हातातल्या कोल्ह्यानंसुद्धा मान खाली घातली.

"तुला तेच हवं होतं की रे! महिनाभर मागे लागलायस, आवाज मी देतो, आवाज मी देतो. आणि आज बरोब्बर कोल्ह्याचीच वाचा बसते?"

"अगं, मी कशाला..."

"काढ हात. ठेव कोल्हा खाली."

त्यानं कोल्हा खाली ठेवला. नवं काळंभोर नाक मिरवत कोल्हा बाकावर आडवा पडला.

२. झुडपातली वस्तू

काकीनं टपालताईंना बोलावलं. टपालताई तिची मैत्रीण, समोरच्याच घरात राहणारी. सगळा जन्म टपालकचेरीत पत्रं लावण्यात गेला. हरवलेलं पाकीट शोधायचं झालं, तर सगळं शहर त्यांच्याच टेबलाशी यायचं. निवृत्त झाल्यावर शेजारपाजारच्या हरवलेल्या किल्ल्या, चष्मे आणि एकदा एक मांजर, सगळं त्यांनीच शोधून दिलं.

"पाकीट हरवत नाही गं," टपालताई पायातल्या चपला दाराशी काढत म्हणाल्या. "ते कुठल्यातरी हातात थांबलेलं असतं. आपण फक्त एकेका हाताला विचारत जायचं. तुझ्या कोल्ह्याचा आवाज कुणाच्या हातून निघतो?"

"टेपमधून."

"मग?"

"मग या डब्यात," काकीनं टेबलावरचा जुना अॅम्प्लिफायर दाखवला. घरात त्याला सगळे डबाच म्हणत. "मग वायरीतून झुडपापर्यंत."

"शेवटच्या हातापासून सुरुवात करू," म्हणत टपालताई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी कापडी झुडपात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला आणि थांबला. "अरेच्चा!"

त्यांनी हात बाहेर काढला. हातात लोकरीचा मफलर होता, चांगला जाडजूड, स्पीकरच्या तोंडावर गच्च कोंबलेला.

मफलर सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो पुतण्याचा होता.

"बघितलंस?" काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तोंड दाबलं त्याचं! सख्ख्या काकाचं!"

पुतण्याचे कान लाल झाले. "काकी, मी काल संध्याकाळी सराव केला. काकांचा आवाज चालू असला की माझं बोलणं मलाच ऐकू येईना. म्हणून मफलर कोंबला. काढायचा राहिला, एवढंच."

"बरं, सापडला चोर," टपालताई हसल्या. "लाव टेप."

टेप लागली. खुराड्यातून कोंबडी खणखणीत बोलली. झुडपात कान घालून टपालताई ओणव्या राहिल्या, तशाच थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्या उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

मफलर निघाला होता. कोल्हा मुकाच होता.

३. खुराड्यातून कोण बोललं

वर राहणारा वायरमन शिडीसकट खाली आला. आज सकाळीच त्यानं सभागृहात नवा पंखा लावला होता, आणि लावताना डब्याचं टेबल भिंतीपासून ओढलं होतं.

"म्हणजे वायर तुम्हीच ओढलीत की काय?" आत्यानं विचारलं. ही काकांची बहीण. बाहुल्यांचे कपडे, डोळे, शेपट्या, सगळं तिच्याच सुईतून उतरायचं. आल्यापासून ती खुर्चीत बसून कोंबडीच्या पंखाला टाके घालत होती. टाके जरा जास्तच भरभर पडत होते.

"अहो आत्याबाई, टेबल ओढलं, वायर नाही ओढली. आणि तुमच्या कोल्ह्याशी माझं वैर असतं, तर दुपारच्या झोपेपायी मी त्याचा गळा कधीच धरला असता. चला, करून दाखवतो."

त्यानं डब्याच्या मागे वाकून दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. झुडपाची वायर कोंबडीच्या जागी, खुराड्याची कोल्ह्याच्या जागी. टेप लागली.

झुडपातून कोंबडी बोलली!

मीठ ठेवलं उंबऱ्यावर, उचलून घे नि जा,
फटीमधून दिसतो मला दात तुझा, बा!

"छान," टपालताई म्हणाल्या. "झुडपातला स्पीकर जिवंत आहे, त्याची वायरही. शेवटचे दोन हात सुटले. वायरमनभाऊ, तुम्हीही सुटलात."

"उपकार झाले."

"पण मग," काकीचा आवाज एकदम बारीक झाला, "मग राहिलं काय? डबा... आणि टेप."

जे काकीच्या मनात आलं, तेच सगळ्यांच्या मनात आलं होतं. टेपवरचा डावा भाग पुसला गेला असेल तर? तो आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. ना कुठल्या चित्रफितीत, ना कुणाच्या फोनमध्ये. काकांना फोनवर बोलायचाच कंटाळा, तर त्यात आवाज भरणं लांबच राहिलं. ते हसायचे, खोकायचे, गायचे, ते सगळं त्या बोटभर जाडीच्या कॅसेटमध्ये होतं.

"काल चालू होतं सगळं," पुतण्या कळवळून म्हणाला. "शपथ घेतो, काकी. मी पुसणारं बटण दाबलेलंसुद्धा नाही."

काकी पडद्याच्या दोरीला धरून उभी होती. "दुपारचा खेळ राहू दे," ती म्हणाली. "पोरांना सांगा, कोल्हा गावाला गेला."

"थांब जरा," टपालताई म्हणाल्या. "अजून एका हाताला विचारायचंय. भाऊ, टेपमधून डब्यात येणाऱ्या दोन वायरी आहेत ना? आधी मागचं सगळं होतं तसं करा. मग या पुढच्या दोघींची अदलाबदल करा. कोल्ह्याची वायर कोंबडीच्या भोकात."

वायरमननं तसं केलं. त्यानं टेपच्या बटणावर बोट ठेवलं आणि काकीकडे पाहिलं. काकीनं डोळे मिटले.

टेप फिरली. आधी नुसतीच खरखर. काकीनं दोरी मुठीत आवळली.

आणि खुराड्यातून, कोंबडीच्या घरातून, एक जाडाभरडा, लबाड, लाडिक आवाज उसळला:

मीठ मागाया आलो बाई, चिमूटभर दे,
हात माझा पोचेना गं, फटीपाशी ये!

"अगं बाई!" आत्याच्या हातून सुई पडली.

काकी मटकन बाकावर बसली. ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती, आणि काय आधी करावं हे तिला कळत नव्हतं. "मेला, शिरला शेवटी खुराड्यात! इतकी वर्षं दार उघडलं नाही, तर आज वायरीतून शिरला!"

सगळे हसले. पुतण्या तर टाळ्या पिटायला लागला. मग काकीची नजर गेली तसा थांबला.

"टेप सुटली," टपालताई म्हणाल्या. "आता एकच हात राहिला. डबा. आणि डब्याला हात लावणारा माणूस."

४. नकटा होता तेव्हा

वायरमन डब्यापुढे उकिडवा बसला. डब्याच्या तोंडावर तीन गोल बटणं होती. एक आवाज लहानमोठा करायचं, एक तो जाडबारीक करायचं, आणि मधलं आवाज डाव्या-उजव्या बाजूला वाटून देणारं. मधल्याला काका तराजू म्हणत. तराजूच्या टोपीवर एक बारीक चर होती, सरळ वर पाहणारी. बरोबर त्याच्या डोक्यावर डब्याच्या पत्र्यावर काकांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. चर ठिपक्याशी जुळलेली असली, की तराजू मधोमध. त्याला कुणीही हात लावायचा नाही, हा या सभागृहातला पहिला कायदा. काका गेले तरी कायदा राहिला होता.

"मी आल्याआल्या तराजूच बघितला," वायरमन म्हणाला. "चर ठिपक्यावर आहे. म्हणजे आतला डावा भागच जळला म्हणायचं. उघडावा लागेल. आज तर शक्यच नाही."

टपालताई वाकून डब्याकडे बघत राहिल्या. दोन्ही कडेच्या बटणांवर धुळीचा थर होता. मधलं तेवढं चकचकीत. आणि त्याच्या चरीत काहीतरी पांढरं वाळून बसलं होतं. त्यांनी ते नखानं उकरलं, दोन बोटांत चुरडलं, आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

"ये रे इकडे," त्यांनी पुतण्याला बोलावलं. "काल तू सराव केलास, तेव्हा कोल्हा बोलत होता?"

"मग! म्हणून तर मफलर कोंबला."

"तेच म्हणते मी." त्या काकीकडे वळल्या. "मुक्याच्या तोंडात कुणी बोळा कोंबतं का गं? ज्यानं मफलर कोंबला, त्याच्यासमोर कोल्हा बोलत होता. आणि याला डब्यातून आवाज बंद करता आला असता, तर यानं स्वतःचा मफलर कशाला मळवला असता?"

काकीची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करू लागली.

"आता नीट आठव," टपालताईंनी पुतण्याला विचारलं. "काल तुझ्या हातात कोल्हा होता, तो दिसायला कसा होता?"

"कसा म्हणजे? नेहमीसारखाच. नकटा."

"नकटा?"

"त्याला नाक कुठे होतं? काकांच्या शेवटच्या खेळात एका चिमुरडीनं उपटून नेलं नव्हतं का? काका म्हणाले होते, नेऊ दे, तिला वास घ्यायला लागेल. तेव्हापासून नकटाच होता. आज सकाळी बघतो तर नाक!"

बाकावर आडव्या पडलेल्या कोल्ह्याकडे सगळ्यांनी पाहिलं. नाक काळंभोर, वाटोळं, झकास होतं.

"म्हणजे कालची संध्याकाळ ते आजची सकाळ, एवढ्यात या कोल्ह्याला दोन गोष्टी झाल्या," टपालताई म्हणाल्या. "नाक आलं आणि आवाज गेला."

आत्याचे टाके थांबले.

"आत्या, नाक तुम्ही बसवलंत ना?"

"मी बसवलं. मग? नाक बसवलं तर वाचा जाते का कुणाची?" आत्या तडकली. "मी त्या डब्याला हातही लावला नाही. दादाचा कायदा मला माहीत नाही होय? नेलपॉलिशसुद्धा माझंच होतं ते!"

"नाक कशाचं केलंत?"

"नळाच्या गळतीला लावतात त्या लांबीचं. वाळली की दगडासारखी होते."

"आणि साचा?"

आत्यानं मान खाली घालून दोरा दातानं तोडला.

टपालताईंनी कोल्हा उचलला, डब्यापाशी नेला आणि त्याचं नाक मधल्या बटणाशेजारी धरलं.

पुतण्या पुढे वाकला. वायरमन पुढे वाकला. काकी उठून आली. नाकाच्या कडेला बारीक बारीक दाते होते, बटणाच्या कडेला होते तसेच. नाकाच्या मधून कडेपर्यंत एक सरळ चर होती, बटणावर होती तशीच. दोघं जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी बसले होते.

"आणि बटणाच्या चरीत," टपालताई म्हणाल्या, "वाळलेली कणीक आहे."

५. टोपी आणि दांडा

आत्यानं तोंडावर पदर घेतला. मग पदराआडून हसूही आलं आणि रडूही.

"वहिनी, मी सगळं घर धुंडाळलं गं! कोटाची बटणं बघितली, बाटल्यांची झाकणं बघितली. त्या नाकाच्या भोकात एकही नीट बसेना. काल संध्याकाळी तुम्ही दोघंही घरी गेल्यावर कोल्हा घेऊन इथंच बसले. समोर बघते तर तराजू. तेवढाच, तस्साच! घेतली टोपी ओढून. घरी नेली, कणकेत दाबली, त्या खळगीत लांबी भरली. सकाळी टोपी धुतली, पुसली आणि तुम्ही यायच्या आत होती तिथे बसवली. चर बरोबर ठिपक्याला लावली, वहिनी! केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही. तुला वाटलं असतं, दादानंच नाक धाडलं."

"मग मगाशी खोटं का बोललात, वन्सं?" काकीनं विचारलं. पण रागानं नाही.

"कायदा मोडला होता ना. आणि मला वाटलं, टोपीनं काय होतंय? टोपीच तर होती."

"टोपी निघताना सहज निघाली?" टपालताईंनी विचारलं.

"कुठली सहज! इतकी वर्षं बसलेली. पिळून पिळून काढली."

"कुठल्या बाजूला पिळलीत?"

आत्यानं हवेतच हात पिळला. उजवीकडे.

वायरमननं कपाळावर हात मारला. "अहो! मी सगळ्यात आधी तिथंच बघितलं होतं!"

"बघितलंत सगळ्यांनी. मीही बघितलं," टपालताई म्हणाल्या. "फिरवून कुणीच बघितलं नाही. कायदा आडवा आला." त्या काकीकडे वळल्या. "पत्ता पाकिटावर असतो गं. पाकीट बदललं, की आतलं पत्र भलत्याच घरी जातं. ही चर टोपीवर आहे. आवाज वाटतो तो टोपीच्या आतला दांडा. आत्यांनी टोपी पिळली, तेव्हा तिच्याबरोबर दांडाही उजव्या टोकाला जाऊन बसला. सगळा आवाज कोंबडीच्या पारड्यात गेला. सकाळी टोपी मधोमध बसली. दांडा राहिला टोकालाच."

"पण टोपी कशीही बसते?" पुतण्यानं विचारलं.

"बसते. दांड्याला सगळीकडून दाते असतात," वायरमन म्हणाला. "ताई, फिरवू का? मधोमध असेल तर दोन्हीकडे फिरेल. नसेल तर..."

"थांबा." काकी पुढे झाली. "मी फिरवते."

काकांच्या तराजूला तिनं आजवर बोट लावलं नव्हतं. तिनं टोपी चिमटीत धरली आणि उजवीकडे वळवून पाहिली. टोपी तसूभरही हलली नाही.

"अगदी टोकाला," वायरमन पुटपुटला. त्यानं टेपच्या वायरी पुन्हा आपापल्या जागी लावल्या आणि टेप चालू केली. खुराड्यातून कोंबडी बोलत होती. काकीनं टोपी डावीकडे वळवली. हळूहळू, हलक्या हातानं. चर ठिपक्यापासून सरकली, खाली उतरू लागली. आणि कापडी झुडपात, जणू लांबच्या टेकडीवरून कुणी येत असावं, तसा एक आवाज जवळ जवळ येऊ लागला.

"आला!" पुतण्या ओरडला.

"कुठं थांबू?" काकीनं विचारलं. "आता ठिपक्याचा काही उपयोग नाही."

"इकडे ये," टपालताई म्हणाल्या. "मधल्या बाकावर बस. काका काय डोळ्यांनी तोलत होते होय? कानांनी तोललं, मग खूण केली."

टोपी वायरमनच्या चिमटीत सोपवून काकी मधल्या बाकावर बसली. डाव्या कानाशी तिचा नवरा होता, उजव्या कानाशी ती स्वतः, तरुण, ठसक्यात भांडणारी. "वायरमनभाऊ, जरा डावीकडे... नको, फार झालं, त्याला आधीच बोलायची हौस... थोडं इकडे... हां. बस. बस झालं."

वायरमननं टोपी अलगद, दांडा न हलवता उपटली आणि चर लाल ठिपक्याला लावून पुन्हा दाबून बसवली. आता ठिपका खरं बोलत होता.

काकी उठली. पुतण्यासमोर जाऊन उभी राहिली. मफलर उचलून तिनं त्याच्या गळ्यात घातला, घालता घालता दोन वेढे जास्तच दिले.

"उकडतंय गं, काकी."

"उकडू दे. सकाळी मी जे बोलले ना, ते..." तिनं मफलरचं टोक ओढून सारखं केलं. "काल सराव केलास म्हणे. कोल्ह्याचं करून दाखव बघू."

त्यानं घाबरत घाबरत एक ओळ म्हटली. काकीनं मान वाकडी करून ऐकली.

"कोल्हा नाही जमला," ती म्हणाली. पुतण्याचा चेहरा पडला. "कोल्हा एकच होता. पण आवाजात लांडगा आहे तुझ्या. बरेच दिवस माझ्या डोक्यात एक लांडग्याचा खेळ घोळतोय. बसू या सोमवारी."

"आणि नाक?" आत्यानं विचारलं. "चर घासून टाकते. नाकावर रेघ बरी दिसत नाही."

"काही घासू नका, वन्सं. फक्त तिरपं बसलंय, तेवढं सरळ करा. चर वर."

दुपारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेतल्या पोरांनी झुडपाकडे बोटं दाखवली, खुराड्याकडे बोटं दाखवली, कोंबडीला ओरडून ओरडून सावध केलं. कोल्हा मीठ मागून दमला, रुसला, निघाला. आणि जाता जाता, नेहमीसारखा, वळला:

मीठ नको नि पीठ नको, एवढंच सांग बाई,
दाराआड तू आहेस ना? दुसरं काही नाही.

पडद्यामागे, कोंबडीत हात घातलेल्या काकीचे ओठ टेपच्या किंचित आधीच हलले.

"आहे रे," ती म्हणाली. "आहे."